सुरुवातीचा उतार

माझी वहिनी आयुष्यभर अंधारात बसली. असं मी कुणाला सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला वाटतं, बाईला नवऱ्यानं कोंडून ठेवलं होतं की काय. तसं काही नाही. माझा भाऊ कुणाला कोंडून ठेवणाऱ्यातला नाही, त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत. वहिनी एका संशोधन संस्थेच्या तळघरात काम करायची आणि त्या कामाला अंधार लागायचा. खोलीला खिडकी नाही, भिंती काळ्या, दाराला आतून जाड काळा पडदा. यंत्रांवरच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांनासुद्धा तिनं चिकटपट्टीचे तुकडे लावून गप्प केलं होतं. तो पडदा मी शिवला होता. माझं शिवणाचं दुकान आहे, कोटापासून लंगोटापर्यंत काय म्हणाल ते शिवून देते, पण त्या पडद्यानं माझा घाम काढला. वहिनीनं तो दोनदा परत पाठवला. शिलाईच्या भोकांतून उजेड येतो, म्हणे. शेवटी मी शिवणीवर आतून एक पट्टी बसवली आणि तिला बजावलं, आता परत आणलास तर तुलाच त्यात गुंडाळीन.

"तुझी वहिनी करते तरी काय?" असं गिऱ्हाइकं विचारायची. मी माप घेता घेता सांगायचे आणि सांगता सांगता माझं माप चुकायचं. आपलं शरीर पेशींचं असतं हे शाळेत झालं. प्रत्येक पेशीला पातळ आवरण असतं. मला वाटायचं ते कापडासारखं घट्ट विणलेलं असेल. वहिनी म्हणाली, छे, ते तेलासारखं वाहतं असतं आणि त्यात प्रथिनं तरंगत असतात. त्यातली काही बाहेरून आलेला निरोप घेऊन आत पोचवतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. हे रिसेप्टर आवरणात इकडून तिकडे किती वेगानं सरकतात ते मोजायचं, हे तिचं काम. पण ते इतके लहान की साध्या सूक्ष्मदर्शकातून एकेक असे दिसतच नाहीत. मग त्यांना चमकणारा रंग लावायचा आणि लेसरचा एक अगदी बारीक ठिपका आवरणावर एका जागी धरून ठेवायचा. रंगवलेला रिसेप्टर ठिपक्यात शिरला की चमकतो, बाहेर पडला की विझतो. चमक लगेच संपली तर गडी घाईत होता, टिकून राहिली तर रेंगाळत होता. अशा असंख्य चमकांचा मेळ घालून वेग काढायचा.

माझ्या दुकानाच्या शटरला एक भोक आहे. दुपारी शटर ओढून आत पडलं की त्यातून एक उजेडाची तिरीप येते, आणि रस्त्यावरून कुणी गेलं की ती अडते. कोण गेलं ते कळत नाही, पण धावत गेलं की रमतगमत गेलं ते कळतं. हे मी वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, "नणंदबाई, दुकान बंद कर आणि माझ्याकडे नोकरीला ये." मला त्या दिवशी इतकं बरं वाटलं की मी तिचा ब्लाउज फुकट शिवला.

वहिनी शिस्तीची. तिचा एक नियम होता आणि तो तिनं हाताखाली आलेल्या प्रत्येकाला घोटून घोटून शिकवला होता: दिवा सोडा, थांबा, मग मोजा. दिवा सोडला, म्हणजे लेसर आवरणावर पडला, की आधी भरपूर चमक येते, मग ती घसरत जाते आणि थोड्या वेळानं एका पातळीवर स्थिरावते. ही सुरुवातीची घसरण म्हणजे उतार. उताराला तिच्या धंद्यात कचरा समजायचे. कुठं रंगाचा गोळा चिकटलेला असेल, कुठं यंत्र अजून बसलेलं नसेल, असं म्हणून तो जाऊ द्यायचा आणि चमक स्थिरावली की नोंद सुरू करायची. हे काही तिचं एकटीचं खूळ नव्हतं. तिच्या गुरूंनी तिला तसंच शिकवलं होतं आणि जगभर ठिकठिकाणच्या काळ्या खोल्यांतून लोक असंच थांबत होते. घरीसुद्धा ती तशीच. दादाला ताप आला की थर्मामीटर लावण्याआधी त्याला पडून राहायला लावायची. "आत्ताच जिना चढलायस, आत्ताचा आकडा खोटा येईल." दादा म्हणायचा, "अगं, तोवर माझा ताप उतरेल." ती म्हणायची, "मग बरंच आहे."

याच रीतीनं मोजून तिनं एक शोधनिबंध लिहिला. त्यात म्हटलं होतं की हे रिसेप्टर सगळेच्या सगळे सतत फिरत असतात, आणि त्यांचा वेग इतका इतका असतो. तो आकडा पुढं पुष्कळांनी आपापल्या लेखनात घेतला. आमच्या घरात त्याचा अर्थ कुणाला कळत नव्हता, पण तो आमच्या घरचा आकडा होता. दादा तर पाहुण्यांना तो तोंडपाठ म्हणून दाखवायचा आणि दर वेळी एखादं शून्य जास्त लावायचा.

त्यानंतर ती मुलगी आली. डॉक्टरेट करायला वहिनीकडे लागली होती. चेहऱ्यापेक्षा चष्मा मोठा, म्हणून मी तिचं नाव चष्मिष्ट ठेवलं आणि ते तिलाही आवडलं. घरापासून लांब राहत होती, त्यामुळं जेवायला बऱ्याचदा आमच्याकडेच असायची. खायची कमी आणि बोलायची जास्त. तिचं प्रत्येक वाक्य "पण मॅडम" असं सुरू व्हायचं. वहिनीला सुरुवातीला याचं कौतुक होतं. मग नुसती सवय झाली. मग वैताग यायला लागला.

मुलीनं काय केलं, तर नोंद आधी सुरू केली आणि दिवा मागून सोडला. म्हणजे तो उतारही नोंदीत आला. आणि तिला दिसलं की उतार सगळीकडे सारखा नाही. नुसत्या काचेवर तो जवळजवळ नसतोच, पेशीवर रिसेप्टर असतील तिथं मोठा असतो. यंत्राचा कचरा असेल तर तो सगळीकडे सारखा हवा. तिनं वहिनीला विचारलं. वहिनी म्हणाली, रंग नीट धुतला नसशील. तिनं परत धुतला, परत मोजलं, परत विचारलं. वहिनी म्हणाली, सोडून दे, यात वर्षं घालवलेली माणसं मी बघितली आहेत.

पुढचा प्रसंग मी एकाच दिवशी दोन्ही बाजूंनी ऐकला. संस्थेत बैठक होती, बाहेरून मोठमोठी माणसं आली होती, आणि मुलीनं आपलं काम सांगताना तो उतार सगळ्यांसमोर पडद्यावर दाखवला. वहिनीला आधी सांगितलेलं नव्हतं. वहिनी जागेवरून उठली आणि म्हणाली, "ज्याला दिवा सोडून दोन मिनिटं थांबता येत नाही, त्यानं मोजमापाच्या वाटेला जाऊ नये." सगळे हसले. मुलीनं पडद्यावरची ती आकृती पुढं सरकवली आणि उरलेलं भाषण पूर्ण केलं.

संध्याकाळी ती माझ्या दुकानात आली. पँटची शिवण उसवलीय म्हणाली. उसवलेली नव्हती. मी तरी मशीनवर घेतली आणि नुसतीच टीप मारत बसले, तेवढ्यात तिनं मला सगळं सांगितलं. रडली नाही. तिला मीटिंगमध्ये हसले त्याचं काही नव्हतं. "काकू, मॅडमनी त्या आकृतीकडे बघितलंच नाही," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आणि घरी गेले तर वहिनी जेवताना दादाला तेच वाक्य ऐकवत होती, खुशीत. मी म्हटलं, "वहिनी, जरा जास्तच झालं." ती म्हणाली, "अगं, इथं लाड चालत नाहीत. मला कोणी केले होते?" मी ताट तसंच टाकून उठले. माझा राग नाकावर असतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं कुणी मागं आलं नाही.

काही महिन्यांनी मुलगी काम अर्धवट टाकून गेली. एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली असं कळलं. वहिनी म्हणाली, "मडकं कच्चं निघालं." मी बोलले नाही. बोलायला हवं होतं की नको, मला आजही कळत नाही.

वर्षं गेली. वहिनीचे केस पांढरे झाले, निवृत्ती जवळ आली, आणि तिच्याआधी तिचा लेसर म्हातारा झाला. प्रकाश मंद पडला. तिनं मेकॅनिकला फोनावर फोन केले. तो म्हणायचा, येतो. हे येतो म्हणणारे मेकॅनिक आणि उद्या देते म्हणणारे आम्ही शिंपी, सगळे एकाच माळेचे मणी. बरेच आठवडे तो आलाच नाही. वहिनीला हातावर हात ठेवून बसवत नाही, म्हणून ती त्याच मंद प्रकाशात मोजत राहिली. नियमाप्रमाणं दिवा सोडला आणि थांबली. पण चमक स्थिरावेचना. नेहमीचा तो उतार, जो एरवी झटकन संपायचा, तो लांबतच चालला. ती थांबली, आणखी थांबली, चहा पिऊन आली, तरी चमक आपली हळूहळू घसरतेच आहे. कचरा असता तर एव्हाना गेला असता.

मग तिच्या डोक्यात किडा शिरला. तिनं नुसत्या काचेवर मोजलं, तिथं उतार नाही. मग काही पेशी औषधात बुडवून गोठवल्यासारख्या केल्या, म्हणजे त्यांच्या आवरणातला एकही रिसेप्टर हलू शकणार नाही, आणि त्यांच्यावर मोजलं. तिथं चमकणं-विझणं काही नव्हतंच. होता तो फक्त उतार. आणि तो हुबेहूब तसाच होता.

हे सगळं मला कळलं ते दुपारी, माझ्या दुकानात. वहिनी कामाच्या दिवशी दुपारी दुकानात आली, हे आजवर कधी घडलं नव्हतं. मला वाटलं दादाला काही झालं. ती स्टुलावर बसली आणि काचेत टांगलेल्या निळ्या ड्रेसकडे बघत राहिली.

"याचा रंग एका बाजूनं उडालाय," ती म्हणाली.

"उन्हानं. बदलीन म्हणते, राहूनच जातं."

"आणि समोरून निळे कपडे घालून बायका जातात, त्यांचे नाही उडत?"

"त्या काय माझ्या काचेत उभ्या राहतात? जातात आपल्या निघून."

"तेच," वहिनी म्हणाली. "प्रखर उजेडात चमकणारा रंगसुद्धा उडतो. जो रिसेप्टर फिरता असतो तो ठिपक्यातून निघून जातो, वाचतो. जो जागचा हलत नाही, त्याच्यावर उजेड पडून राहतो आणि तो विझतो. कायमचा. आता उजेडच मंद, म्हणून विझायला इतका वेळ लागला. तो उतार म्हणजे तेच होतं गं. जे जागचे हलत नव्हते त्यांना मी आधी पुसून टाकत होते, मग उरलेल्यांना मोजत होते आणि म्हणत होते, सगळे फिरतात."

मी हातातली कात्री खाली ठेवली. मला सगळं समजलं असं म्हणत नाही, पण तिचा चेहरा समजला.

"म्हणजे आपला आकडा चुकला?"

"आकडा फिरणाऱ्यांचा आहे, तो बरोबर आहे. 'सगळे' हा शब्द चुकला." तिनं परत त्या ड्रेसकडे बघितलं. "आणि ती पोर. तिला हेच दिसत होतं. मी तिला घालवलं."

मला तिचं वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. इतकी वर्षं मनात धरलेला राग खरा निघाला की माणसाला बरं वाटतं. मग लगेच त्या बरं वाटण्याची लाज वाटली.

संस्थेत वहिनीच्या वर एक मोठे सर होते. त्यांचं म्हणणं, छान शोध आहे, नवीन निबंध लिहा, जुन्याबद्दल कशाला बोलायचं? वहिनीचं म्हणणं, जुनं चुकलं असं लिहायचं, आणि पहिलं नाव त्या मुलीचं घालायचं. सर म्हणाले, "ती आता शाळेत शिकवते ना? तिला काय फरक पडतो?" वहिनीनं घरी येऊन चपलाही न काढता हे सांगितलं. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. तिला पेन्शन, निरोप समारंभ, शाल, कशाची पडलेली नव्हती. त्या मुलीचं काहीतरी आपण घेतलंय आणि ते तिला परत करायचंय, एवढी एकच गोष्ट तिच्या मनात होती. पहिलं नाव दिलं की ते परत होईल असं तिला वाटत होतं. मुलीनं ते घेतलं नाही तर काय, हा विचार तिला झोपू देत नव्हता.

"तू चल माझ्याबरोबर," ती मला म्हणाली. "तुझ्यावर तिचा राग नाही."

शाळा सुटल्यानंतर आम्ही गेलो. मुलगी विज्ञानाच्या खोलीत होती, बेसिनपाशी परीक्षानळ्या धूत. मुलगी कसली, चांगली बाई झाली होती, केसांत एक पांढरी बट. चष्मा मात्र तेवढाच. वहिनीला बघून तिनं हात पुसले आणि बाकावरच्या वह्या बाजूला केल्या. "बसा मॅडम. काकू, तुम्ही बारीक झालात." मी बारीक झालेले नव्हते, पण ते ऐकायला आवडलं.

वहिनीला इकडचं तिकडचं बोलता येत नाही. ती बसलीच नाही. फळ्यापाशी गेली, खडू घेतला आणि तो उतार काढला. त्याच्या शेजारी मंद प्रकाशातला लांबच लांब उतार काढला. गोठवलेल्या पेशी, नुसती काच, सगळं सांगितलं. मुलगी पाठीमागं हात बांधून ऐकत होती, वर्गात शेवटच्या बाकामागं मुली उभ्या असतात तशी. शेवटी वहिनी वळली. हाताला खडू, पदराला खडू.

"तू बरोबर होतीस," ती म्हणाली.

"नव्हते मॅडम."

वहिनीला कळेना. मलाही.

"मी बरोबर आहे असं मी कधी म्हटलंच नव्हतं," मुलगी म्हणाली. आवाज शांत होता. "मला काही माहीत नव्हतं. नुसतं वाटत होतं. वाटत होतं म्हणून तर विचारत होते."

"नवा पेपर लिहितेय. तुझं नाव पहिलं. मी ठरवलंय."

"नको."

"का?"

"काय करू मी त्याचं? काम तुम्ही केलंत. मी तर सोडून आले."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अगं, घे की. हक्काचं आहे. हिनं तुझं वाटोळं केलं, आता देतेय तर घे." वहिनीनं मान खाली घातली. मुलगी माझ्याकडे बघून हसली, मग हसायची थांबली.

"काकू, वाटोळं नाही झालं. मला इथं आवडतं. पण मला तेव्हा नाव नको होतं आणि आत्ताही नको आहे." मग ती वहिनीकडे वळली. "तेव्हा तुम्ही एकदा म्हणायला हवं होतं, चल, परत बघू या. बघून कचरा निघाला असता तरी चाललं असतं. मी राहिले असते."

वहिनीनं हातातला खडू फळ्याच्या कडेवर ठेवला. ते खरं होतं.

"लिहायचंच असेल तर एक लिहा," मुलगी म्हणाली. "असं लिहा, की ही गोष्ट आपल्याकडे कुणीतरी विचारली होती आणि आपण बघितलं नाही."

घरी येताना वहिनी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली होती. ती रडत होती. मी तिला रडू दिलं.

नाव देणं सोपं होतं, हे मला नंतर कळलं. ते एक वाक्य लिहिणं अवघड. मोठ्या सरांनी ते खोडलं. म्हणाले, निबंधात आपण पेशींबद्दल लिहितो, आपल्या भानगडींबद्दल नाही. वहिनीनं ते परत घातलं. त्यांनी परत खोडलं, गोड बोलून पाहिलं, मग संस्थेच्या अब्रूचा विषय काढला. वहिनी म्हणाली, मग माझं नाव काढा आणि मशीनचं घाला, मोजलं त्यानंच आहे. दादा रोज संध्याकाळी विचारायचा, आज वाक्य आत आहे की बाहेर? अखेर सरांनी हात टेकले. निबंध छापून आला आणि ते वाक्य त्यात होतं, शेवटाकडे, सगळ्यांना दिसेल असं. ही शंका आमच्याच गटात पूर्वी उपस्थित झाली होती; आम्ही ती तपासली नाही. वहिनीनं एक प्रत मुलीला पाठवली. उत्तर आलं नाही. वहिनी म्हणाली, ठीक आहे. पण दाराची बेल वाजली की ती सगळ्यांच्या आधी उठायची.

एका संध्याकाळी दारात मुलगीच होती. हातात ती प्रत, कडेनं पेन्सिलीच्या खुणा. दादानं चहा टाकला, कारण वहिनीला काही सुचत नव्हतं. आम्ही चौघं टेबलाशी बसलो. मुलीनं ते वाक्य असलेलं पान उघडलं, त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "वाचलं मॅडम. पुष्कळदा वाचलं." वहिनीनं तिच्यापुढं बिस्किटांची बशी सरकवली. असलं काही तिला जमत नाही, तिनं बशी पार टेबलाच्या कडेपर्यंत सरकवली.

मग मुलीनं पानं उलटून पहिलं पान काढलं.

"पण मॅडम," ती म्हणाली.

माझा कप हातातच राहिला. दादानं माझ्याकडे बघितलं.

"पण मॅडम, काही रिसेप्टर स्थिर असतात असं यात म्हटलंय. ते स्थिर नसतीलच तर? आपल्या ठिपक्यापेक्षा लहान जागेत फिरत असतील, कुंपण घातल्यासारखे, तर ठिपक्याबाहेर येणारच नाहीत. रंग तसाच उडेल. उतार अगदी असाच दिसेल."

वहिनीनं निबंध आपल्याकडे ओढून घेतला. तिचा शेवटचा निबंध होता तो. त्याच्यासाठी ती सगळ्यांशी भांडली होती. आणि "स्थिर" हा शब्द मथळ्यातच होता, ठळक अक्षरांत. मी तिचा चेहरा बघत होते. तिच्या कपाळावर ती जुनी आठी आली, मीटिंगमध्ये आली असेल तीच. मी मनात म्हटलं, वहिनी, आत्ता काही बोललीस ना, तर मी या घरात पाणी पिणार नाही.

"मथळ्यातच शब्द आहे गं तो," वहिनी म्हणाली.

"हो. म्हणून तर म्हटलं."

वहिनी कितीतरी वेळ त्या पानाकडे बघत राहिली. कपाळावरची आठी काही गेली नाही.

"खोलीची किल्ली अजून महिनाभर माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "शनिवारी शाळेला सुट्टी असते ना? ये. परत बघू या."

मुलगी "हो" म्हणाली आणि तिला रडू फुटलं. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पहिल्यांदाच बघितलं. मग मीही रडले, दादानं नाक शिंकरलं. वहिनीचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. तिनं मुलीच्या हातातली पेन्सिल काढून घेतली होती आणि निबंधाच्या मथळ्यावरच, ठिपका आणखी लहान कसा करता येईल, त्याची आकृती काढायला घेतली होती.